नाल्याला पाणी आहे

शाळा बुडविण्याची कारणे शोधताना आमच्या मुलांची प्रतिभा जेवढी बहरते, तेवढी ती निबंध लिहिताना बहरली असती, तर या मास्तराचे अर्धे आयुष्य सुखात गेले असते. कुणाचे पोट दुखते, कुणाचा मामा येतो, कुणाची म्हैस हरवते. या साऱ्या कारणांची मी कसून उलटतपासणी घेतो. एक कारण मात्र ऐकताच मी मुकाट्याने मान डोलावतो : ‘सर, नाल्याला पाणी होतं.’ तीन शब्दांच्या या वाक्यात जेवढे शहाणपण आहे, तेवढे मला पुष्कळ मोठ्या माणसांतही आढळलेले नाही.

पुसद हे पूस नदीच्या काठचे गाव. ही नदी पुढे पैनगंगेला मिळते. पण आमच्या मुलुखात येण्याजाण्याचा खरा कारभार नदीच्या हाती नसतो; तो असतो तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या हाती. वैशाखात या नाल्यांकडे पाहिले, तर वाळू, दगडगोटे आणि चुकून शिरलेली एखादी शेळी यांखेरीज काही दिसत नाही. अशा पात्रावर उंच पूल बांधावयाचा म्हणजे सरकारलाच काय, गावकऱ्यालाही उधळपट्टी वाटते. म्हणून मग तेथे रपटा येतो. पात्रातच घातलेली सिमेंटची वाट आणि तिच्या पोटात पाणी जावयाला दोन-चार नळ्या. वर्षातले बहुतेक दिवस हा रपटा गुणी जावयासारखा वागतो. पुराच्या दिवशी तो पाण्याखाली जातो. आणि तसा तो जावा, अशीच त्याची घडण असते. तो काही दोष नव्हे. तो एक करार आहे. रपटा आपल्याला म्हणत असतो, ‘मी स्वस्तात झालो, त्याच्या बदल्यात पुराचे चार तास तुम्ही थांबा.’

अडचण एवढीच, की कोरडे पात्र माणसाला करार विसरावयाला लावते. हे काही आमच्याच कडचे वैगुण्य नाही. लिबिया देशात वाळवंटाच्या उत्तरेला, समुद्रकाठी दर्ना नावाचे शहर आहे. त्याच्या मधून जाणारी नदी एरवी कोरडीच. सप्टेंबर २०२३ मध्ये वादळी पाऊस झाला, वरच्या अंगाची दोन धरणे रात्री फुटली आणि शहराचे दोन भाग जोडणारे पूल, काठावरच्या इमारती आणि हजारो माणसे पाण्याबरोबर समुद्रात गेली. बारमाही नदीचा माणसाला धाक असतो. कोरड्या नदीशी तो सलगी करतो.

आम्हांला मात्र उदाहरणासाठी इतक्या दूर जावयाला नको. २८ सप्टेंबर २०२१ च्या सकाळी शेजारच्या उमरखेड तालुक्यात, दहागावच्या नाल्यावरच्या पुलावरून पाणी वाहत होते. नांदेडहून नागपूरला निघालेली एस.टी. त्या पाण्यात शिरली आणि वाहून गेली. काहींचे प्राण वाचले, काहींचे गेले. तेव्हापासून एस.टी.त बसलो आणि नाला आला, की मी पाण्याकडे पाहत नाही; चालकाच्या पाठीकडे पाहतो. त्या पाठीमागे चाळीस माणसे असतात. एकाची कचेरी असते, एकाची तारीख असते, एकीची परीक्षा असते. ‘घ्या हो, घ्या! काही होत नाही!’ असे म्हणणारा कुणीतरी प्रत्येक गाडीत जणू राखीव जागेवर बसलेला असतो. पूल ठेंगणा ठेवण्याचा निर्णय कचेरीत होतो, आणि तो पार करावयाचा की नाही, याचा निर्णय मात्र त्या एकट्या माणसाच्या पायावर येऊन पडतो. हा न्याय नव्हे.

अभियंत्याची विद्या माझ्याजवळ नाही. पण विज्ञानाच्या तासाला पुरेल एवढे मला ठाऊक आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. फूटभर वाहते पाणी लहान मोटार तरंगवू शकते; दोन फूट पाणी मोठ्या गाड्याही ओढून नेते.

हे सारे गणित एका कोतवालाने मला एका वाक्यात शिकविले. श्रावणातली गोष्ट. रपट्याच्या तोंडाशी दोर बांधून, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन तो उभा होता. एक जीपवाला त्याच्यावर गरजत होता, ‘अरे, अर्धा फूट तर पाणी आहे!’

कोतवाल शांतपणे म्हणाला, ‘पानी अर्धा फूट हाय, थे दिसते साहेब. खाली रपटा हाय का वाहून गेला, थे कोनाले दिसते?’

जीपवाला शिव्या देत थांबला. पण थांबला.

बरे, उंच पूल झाला म्हणजे सुटलो, असेही नाही. महाडजवळचा सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने काळोखात नाहीशी झाली. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. त्या वेगाचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण माझ्या मनात त्या रात्रीचा दुसराच माणूस घर करून राहिला आहे. पुलाजवळच्या गॅरेजात काम करणारा तो. पूल गेल्याचे ध्यानात येताच तो रस्त्यावर धावला आणि येणाऱ्या गाड्या त्याने थांबविल्या. मागून येणारी किती घरे त्याने वाचविली, याची नोंद कोठल्या वहीत करणार?

म्हणून मला वाटते, पूल नुसता दगड-सिमेंटचा नसतो. त्याचा अर्धा भाग माणसाचा असतो. रपट्यावर खोली दाखविणारा रंगविलेला खांब हवा, अडसर हवा, आणि पुराच्या वेळी तेथे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या शब्दाला कलेक्टरच्या शब्दाएवढे वजन हवे. रेल्वेची वाट आम्ही पुसदकर पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. एवढा धीर ज्यांच्या अंगी मुरला आहे, त्यांना नाल्याकाठी दोन तास जड का व्हावेत?

याचे उत्तर, वाचकहो, मला नाल्यावर सापडत नाही. ते आपल्या घरात सापडते. ‘कुठवर आलास? अजून किती वेळ? सगळे जेवायचे थांबलेत!’ हे फोन नाल्यावर कुणी करीत नाही, आपणच करतो. पाऊस अलीकडे दिवाळीपर्यंत रेंगाळतो. भाऊबीजेला लेकीबाळी, भाऊ-भाचे वाटेत असतील. त्यांना फोन केलात, तर एवढेच सांगा, की ताट झाकून ठेवले आहे, सावकाश या.