जुळे सोलापूर : दारापर्यंत आलेले सरकार

जुन्या शहरातून आसरा पुलावरून रेल्वेमार्ग ओलांडला, की आपण जुळे सोलापुरात येता. नावावरून एखादे पुरातन गाव मनात आणले असेल, तर ते येथे सापडणार नाही. ही अलीकडची वस्ती: म्हाडाची घरे, गृहनिर्माण संस्था, छोटे बंगले. पहाटे फिरायला निघालेल्यांत निवृत्तांचा भरणा अधिक. मुले पुण्यात किंवा हैदराबादेत, आईवडील येथे, अशी घरे पुष्कळ.

वस्तीलगतचा विजापूर रस्ता दक्षिणेस जातो आणि भीमेपलीकडे कर्नाटक सुरू होते. एरवी ही सीमा कोणाच्या लक्षातही येत नाही. सोयरिकी दोन्हीकडे, घरात मराठी आणि कानडी दोन्ही. फेब्रुवारी २०२१ मध्ये मात्र कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांस आरटीपीसीआर चाचणीचा निगेटिव्ह अहवाल सक्तीचा केला. साथ तीच, नदी तीच. पण विजापुरातल्या आजारी आईकडे जाणाऱ्या लेकीला आधी नाकातला नमुना द्यावा लागे.

जगातही असेच दिसले. न्यूझीलंडने मार्च २०२० मध्येच कडक टाळेबंदी केली. स्वीडनने शहरे खुली ठेवली, वृद्धाश्रमांतील भेटी मात्र एप्रिलपासून थांबवल्या. तरीही तेथील चौकशी आयोगाने त्याच वर्षी डिसेंबरात स्पष्ट म्हटले, की वृद्धांचे रक्षण करण्यात देश अपयशी ठरला. टाळेबंदी हवी की नको, यावर वाद पुष्कळ झाले. आपल्यासारख्या घरांसाठी मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: जो अंथरुणातून उठू शकत नाही, त्याच्यापर्यंत कोणते सरकार किती लवकर पोचले?

ब्रिटनने ८ डिसेंबर २०२० रोजी लसीकरण सुरू केले. प्राधान्याच्या यादीत शुश्रूषागृहांतील वृद्ध आणि त्यांची काळजी घेणारे कर्मचारी सर्वांत वर होते. घरच्या माणसाची विनावेतन सेवा करणाऱ्यांनाही त्या यादीत जागा होती, जरा खाली का होईना. आपल्याकडे साठीपुढच्यांना १ मार्च २०२१ पासून लस मिळू लागली, परंतु केंद्रावर जाऊन. घरी सेवा करणारी सून वा मुलगी हा वेगळा गट आपल्या यादीत नव्हताच. ती पंचेचाळिशीच्या आतली असेल, तर तिला मे महिन्याची वाट पाहावी लागली.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मुंबई महापालिकेने जुलै २०२१ अखेर घरी लस देण्यास आरंभ केला, तोही उच्च न्यायालयात हा प्रश्न गाजल्यावर. केंद्राने देशभर तशी मुभा दिली ती सप्टेंबरात. म्हणजे जवळजवळ सात महिने गेले, आणि मधल्या एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट येऊन गेली. याची खंत अधिक वाटते, कारण महाराष्ट्र सरकार घरोघर आधीच येऊन गेले होते. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकांनी दारात उभे राहून ताप आणि प्राणवायू मोजला, मधुमेह आणि रक्तदाबाच्या नोंदी घेतल्या. मोजायला येणारी पावले लस घेऊन यायला वर्ष लागले.

आपल्या घरी कोणी अंथरुणावर असेल, तर जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात त्यांचे नाव आजच कळवून ठेवा आणि सोबत त्यांची काळजी घेणाऱ्याचेही नाव द्या.