घंटागाडी आणि 3 मेगावॅट

9 जानेवारी 2026
तुळजापूर रोडने येताना कचरा डेपोजवळ स्कूटर थांबवली. कचऱ्यापासून वीज करायचा आपल्या सोलापूरचा प्रकल्प इथलाच. आखणी रोज 400 टन कचऱ्याची, 3 मेगावॅटची. तत्त्व गोबरगॅसचेच: ओला कचरा बंद टाकीत कुजवायचा, निघालेल्या मिथेनवर इंजिन चालवायचे. याआधी लखनौला 2003 साली असाच 5 मेगावॅटचा प्रकल्प झाला. कचऱ्यात माती-प्लॅस्टिकच इतके आले की तो बंद पडला. पुढे 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कामांचे अनुदान पाच पथदर्शी प्रकल्पांपुरतेच ठेवले. मला अजून वाटते, लखनौत यंत्राचा दोष नव्हता. निवडून कचरा द्यायची व्यवस्थाच कुणी उभी केली नाही.

15 जानेवारी
सकाळी घंटागाडीपाशी शेजारच्या वहिनींची पिशवी फाटली. मटारची टरफले, उसाची चिपाडे, फुटके सुगड आणि गड्ड्याच्या जत्रेतून आणलेल्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे. गाडीवरच्या मावशी काचा वेचत होत्या, हातमोजा एकाच हातात. ही काच आणि माती प्रकल्पाच्या टाकीच्या तळाशी साचते, दरवर्षी थोडी जागा खाते, पंप झिजवते. मीही खाली बसून वेचू लागले.

18 जानेवारी
कोळशाची मालगाडी जाईपर्यंत फाटकात उभी होते. फताटेवाडीचे एनटीपीसीचे कोळशावरचे वीजकेंद्र 1,320 मेगावॅटचे. त्यापुढे आपले 3 मेगावॅट किती! पण नव्या तंत्राच्या पहिल्या प्रकल्पाला बँक सहज कर्ज देत नाही, तिथे सरकारी पैसाच लागतो. 2010 साली कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर लावून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी काढला, 2016 पर्यंत उपकर 400 वर गेला. 2017 मध्ये जीएसटी आला आणि कोळशावरचा पैसा राज्यांच्या बुडालेल्या महसुलाच्या भरपाईकडे वळला. याचे मला फार वाईट वाटते. त्यातले थोडे जरी कचरा निवडणाऱ्या हातांसाठी राखले असते! उद्घाटनापर्यंत पैसा मिळतो. दहाव्या वर्षी टाकी उपसायची वेळ येते तेव्हा कुणाकडे मागायचा?

20 जानेवारी
मावशींना हातमोज्यांचा जोड दिला. वहिनींनी दारात दुसरी बादली ठेवली आहे. काचा वर्तमानपत्रात गुंडाळून, वर खडूने 'काच' लिहून.