पाणबुड्याचे घड्याळ

डॉक्टर कोणता गाठावा, हे न विचारता सांगणारी माणसे आमच्या खोपटमध्ये घरोघर आहेत. पण घड्याळाला वैद्य कोणता बघावा, असे मी विचारू लागलो तेव्हा मंडळी माझ्या तोंडाकडे पाहू लागली. “हल्ली घड्याळ घालतं कोण, मास्तर?” एवढेच उत्तर मिळाले.

घड्याळ माझे नव्हे. माझ्या धाकट्या भावाचे. तो जहाजावर इंजिनिअर होता. जपानच्या एका बंदरात त्याने ते घेतले. काळी तबकडी, भोवती बोटाने फिरवायचे दातेरी कडे, आणि तबकडीवर ऐटीत लिहिलेले, ‘२०० मीटर’. भाऊ जाऊन चार वर्षे झाली. त्याची मुलगी यंदा तारकर्लीला पाण्याखाली उतरायला शिकणार. तिथे पर्यटन महामंडळाने ते शिकवण्याची सोय केली आहे. एका संध्याकाळी ती घड्याळ हातात घेऊन आली आणि म्हणाली, “काका, बाबांचं घड्याळ घालून उतरू?”

नाही म्हणणे माझ्याने होईना. हो म्हणायला धीर होईना. भावाची वस्तू म्हणून आमच्याकडे उरलेली ती एकच. खारे पाणी आत गेले तर दोन दिवसांत यंत्राला गंज धरतो, एवढे मला ठाऊक होते.

आमचे घड्याळजी म्हणजे एस.टी. स्टँडाजवळच्या जिन्याखाली बसणारे अण्णा. २६ जुलै २००५ च्या पावसात माझे एचएमटी ‘जनता’ बुडाले, तेव्हा अण्णांनीच ते उघडून, वाळवून, पुन्हा चालते केले. एचएमटीचे घड्याळांचे काम २०१६ साली सरकारने बंद करायचे ठरवले. तेव्हापासून अण्णा मेलेल्या घड्याळांचे अवयव काढून जित्यांना लावतात. अशा माणसाला सोडून दुसरीकडे जायचे म्हणजे घरच्या भटजींना वगळून सत्यनारायण घालण्यासारखे! म्हणून, कबूल करतो, मी आधी चोरूनच दुसरीकडे गेलो.

एका झगझगीत दुकानातला तरुण म्हणाला, “पाच मिनिटांत वॉटरप्रूफ करून देतो, अंकल.” मी विचारले, “तपासता किती दाबाला?” तो म्हणाला, “फुल्ल प्रेशर!” मी नमस्कार करून बाहेर पडलो. दुसऱ्या एका ठिकाणच्या बाई फार सभ्य. त्या म्हणाल्या, रबरे बदलू, तपासून देऊ. पण तबकडी, काटे, कडे खराब वाटले तर तेही नवे घालू. आता त्या कड्यावर एक खोल ओरखडा आहे. इंजिनरूमच्या लोखंडी जिन्यावर तो पडला, असे भाऊ सांगे. तो ओरखडा गेला तर घड्याळ राहील. भावाचे राहील का?

अखेर अण्णांकडेच गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, मग घड्याळ टेबलावरच्या दिव्याखाली ठेवून चांगले कोमट होऊ दिले. काचेवर गार पाण्याचा एक थेंब टाकला आणि मिनिटाभराने पुसला. थेंब गेला, पण त्याच्या जागी काचेच्या आतल्या अंगाला पुसट धुके धरले होते.

“ओल शिरलीय,” अण्णा म्हणाले. “यंत्र साफ मी करीन. पण पाण्याची हमी माझ्याकडून घेऊ नका. दाब बघायचं मशीन नाही माझ्यापाशी. फोर्टात एक जण आहे, त्याच्याकडे जा.”

फोर्टातला तो गृहस्थ अबोल होता, पण कामाचे विचारले की खुले. दर दहा मीटर खोलीला एका हवेएवढा दाब वाढतो. आधी घड्याळ कोरड्या डब्यात ठेवून हवेचा दाब देतात आणि धातूचे कवच किती दबते, दबलेले तसेच राहते की सैल होते, हे यंत्र मोजते. तिथे पास झाले तरच पाण्याची पाळी. वर हवा दाबून मग घड्याळ पाण्यात बुडवायचे आणि दाब हळूहळू उतरवायचा. कुठे फट असली तर आत शिरलेली हवा बुडबुड्यांनी चहाडी करते. भावाचे घड्याळ कोरड्या परीक्षेतच नापास झाले. चावीचे रबर कडक होऊन चिरले होते. रबराला समुद्र लागत नाही. नुसते वय पुरते.

१९२७ च्या ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनची टायपिस्ट गळ्यात रोलेक्स अडकवून इंग्लिश खाडीत उतरली. दहा तासांवर पाण्यात राहिली. थंडीने ती हरली, घड्याळ हरले नाही. पण ते घड्याळ नवे होते, हे जाहिरातीत कोणी ठळक छापत नाही.

सगळी रबरे बदलून दोन्ही परीक्षा झाल्यावर त्याने कागद दिला. त्यावर ‘१० बार’ लिहिले होते. मी म्हटले, “तबकडीवर तर २०० मीटर आहे.” तो म्हणाला, “ते कंपनीने लिहिलंय. मी जेवढं पाहिलं तेवढं मी लिहिलं.” तेवढ्यावर माझे मन बसले.

ओरखडा होता तिथेच होता. निघताना त्याने मला आधी टिपून ठेवलेला मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो दाखवला. घड्याळजी तिथे सुईने आपली खूण कोरून ठेवतात. एक खूण ओळखीची होती: मराठी ‘अ’, आणि खाली २००९.

मी दुसऱ्या दिवशी अण्णांना तो फोटो दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले.

“रजेवर आला असेल तेव्हा देऊन गेला असेल,” ते म्हणाले. “मशीन तेव्हाही नव्हतं, मास्तर. त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आणि तो ते घालून समुद्रात उतरत होता.”

मला काही बोलता येईना. स्टँडावर कोकणच्या गाडीची घोषणा चालली होती.

“पोरगी कधी निघते?” त्यांनी विचारले.

“गुरुवारी रात्री.”

“जाताना इकडून जाऊ दे तिला,” अण्णा म्हणाले आणि टेबलावरचा दिवा पुसू लागले. “एकदा थेंब टाकून बघतो.”