हे हँडलिंग कायचं?

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हाच लेकीसाठी स्कूटर घ्यायचं आम्ही ठरवलं. तिला रोज रिसोडहून वाशिमला कामावर जावं लागतं. त्या महिन्यातल्या पावसानं सोयाबीनची पार वाट लावली होती. तेव्हा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. पण डागी मालाला तो कोण देतो? त्यामुळे कर कमी झाल्यानं वाचणारे पैसे आमच्यासाठी मोठे होते.

दसऱ्याच्या तोंडावर शोरूममध्ये गेलो. सेल्समननं कोटेशन म्हणून व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागे पेनानं आकडे लिहून दिले. एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स, ॲक्सेसरीज आणि सगळ्यात खाली ‘एच. सी. 2,500’.

“हे कायचं?”

“हँडलिंग चार्जेस, काका. गोडाऊनवरून गाडी आणायची, धुवायची, पासिंगची धावपळ. सगळेच घेतात.”

गाडी दुकानात आणून, धुऊन-पुसून गिऱ्हाइकाच्या हाती देणं हाच तर डीलरचा धंदा. त्याचं कमिशन त्याला कंपनीकडून मिळतं. दुचाकीच्या नोंदणीचं सरकारी शुल्क 300 रुपये. ते आणि रस्ता कर आरटीओच्या आकड्यात आधीच धरलेले होते. मग हे अडीच हजार कोणाचे? खताच्या पोत्यावर एमआरपी छापलेली असते, दुकानदारानं जास्त मागितले तर त्यावर बोट तरी ठेवता येतं. गाडीवर किंमत छापलेली नसते, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो.

मी छापील कोटेशन मागितलं. मॅनेजर म्हणाले, “दसऱ्याला गाडी पाहिजे ना? मागे लाइन आहे.” मी म्हटलं, दसरा गेला तरी चालेल, हँडलिंगची जीएसटी नंबर असलेली पक्की पावती द्या, आत्ता पैसे भरतो. पावतीचं नाव काढल्यावर त्यांनी कार्ड ओढून घेतलं आणि त्या ओळीवर काट मारली. सीट कव्हर, मॅट नको म्हटल्यावर तेही निघालं. विम्याचं लेकीनं मोबाइलवर पाहिलं. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचाच आहे, पण तो त्याच काउंटरवर घ्यायची सक्ती नाही. बाहेर स्वस्त मिळाला.

शेजारच्या टेबलावर एक तरुण पोरगा कर्जावर गाडी घेत होता. त्याला फक्त महिन्याचा हप्ता सांगितला गेला, एकूण आकड्यात काय काय घुसवलंय ते कोणी उलगडून दाखवलं नाही. हँडलिंगवर तो व्याजही भरणार. मला राग आला तो या लपवाछपवीचाच. सरकारनं सोडलेला कर गिऱ्हाइकासाठी होता, शोरूमच्या गल्ल्यासाठी नव्हे.

बुकिंगचे पैसे देण्याआधी प्रत्येक रकमेचा वेगळा, छापील हिशेब मागा आणि ज्याची पावती मिळत नाही ते देऊ नका. अडवलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तिथं मराठीतूनही तक्रार करता येते.