मोकळ्या जागेची जुनी किल्ली

सी भाषेत मेमरी मागून घ्यावी लागते आणि काम झालं की परत द्यावी लागते. मागायला मॅलॉक, परत द्यायला फ्री. डेनिस रिचीनं १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली. तिनं सगळा विश्वास प्रोग्रॅमरवर टाकला.

गोची फ्रीनंतर सुरू होते. समजा, भाडेकरूनं खोली सोडली, पण एक किल्ली त्याच्याकडेच राहिली. खोली रिकामी असेपर्यंत काही बिघडत नाही. नवा भाडेकरू आला की मात्र जुना खुशाल आत शिरून त्याचं सामान आपलं म्हणून वापरतो. याला 'यूज आफ्टर फ्री' म्हणतात.

मला हा प्रकार भेटला दूध संकलन केंद्रावरच्या यंत्रात. फॅट मोजायची, पावती छापायची, एवढंच त्याचं काम. पण सकाळच्या गर्दीत कधीतरी म्हशीच्या दुधाच्या पावतीवर ३.८ फॅट छापून यायची. दर फॅटवर ठरतो, म्हणजे थेट पैसे कापले जायचे. गावाचा संशय गेला केंद्रावर बसणाऱ्या पोरावर.

ऑफिसात यंत्र अगदी शहाण्यासारखं वागायचं. शोधायला प्रिंटएफ टाकला की चूक गायब! प्रिंटएफनं वेळेचं गणित बदलतं, कधी मेमरीची मांडणीही. अशा बगला हायझेनबग म्हणतात.

शेवटी तोच कोड लॅपटॉपवर अ‍ॅड्रेससॅनिटायझर लावून चालवला आणि खोट्या नोंदींचा मारा केला. हे टूल सोडलेली जागा लगेच दुसऱ्याला देत नाही, काही काळ बाजूला ठेवतं. तिथं कुणी हात लावला की प्रोग्रॅम थांबवून तीन गोष्टी सांगतं: जागा कुठे वापरली, कुठे सोडली, कुठे घेतली होती. काही मिनिटांत उत्तर समोर आलं. प्रिंटर हळू होता. पावती छापायच्या आधीच नोंद फ्री व्हायची आणि त्या जागेत रांगेतल्या पुढच्या माणसाची नोंद बसायची.

२०१४चा हार्टब्लीड आठवतोय? तिथं दोष वेगळा होता, बफरच्या हद्दीपलीकडे वाचण्याचा. पण सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा मजकूर परक्याच्या हाती जात होता. मेमरीतली चूक मेमरीत राहत नाही.

दुरुस्ती दोन ओळींची होती. तरी मी हट्टानं तिचं कारण साध्या मराठीत लिहून केंद्रावर पाठवायला लावलं: दोष यंत्रातला होता, माणसाचा नव्हता. तो कागद तिथल्या भिंतीवर लावला गेला.