लुना पार्क : दिव्यांची नगरी आणि काचेतली बाळे

मुलाकडे न्यूयॉर्कला गेलो तेव्हा आठ वर्षांच्या नातीने पहिल्याच दिवशी हट्ट धरला, "दादी, कोनी आयलंडला जायचं!" मग एका दुपारी आम्ही सगळे निघालो. ब्रुकलिनमधल्या मक्की मस्जिदीत जोहरची नमाज अदा केली आणि तिथूनच बस धरली. मस्जिद ज्या रस्त्यावर आहे, त्याचे नावही कोनी आयलंड अ‍ॅव्हेन्यूच. हलाल गोश्तची दुकाने, बिर्याणीचा वास, उर्दू पाट्या. क्षणभर वाटले, आपण मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरच आहोत.

बस समुद्राकाठी पोहोचली. समोर लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता, त्यापलीकडे वाळू आणि लाटा. १९२० सालचा प्रचंड पाळणा अजून फिरतो आहे. १९२७ सालची सायक्लोन नावाची लाकडी घसरगाडीही धावते आहे. आता जे लुना पार्क आहे, ते २०१० साली सुरू झालेले. पण हे नाव त्याहून शंभर वर्षांनी जुने आहे.

पहिले लुना पार्क १६ मे १९०३ रोजी उघडले. फ्रेडरिक थॉम्पसन आणि एल्मर डंडी या दोघांनी ते उभारले. सामान्य लोकांच्या घरी वीज नव्हती, अशा काळात त्यांनी तिथे सुमारे अडीच लाख दिवे लावले. दहा सेंट देऊन आत शिरले की माणूस दिव्यांच्या गावात पोहोचायचा.

जुनी छायाचित्रे पाहताना आम्हाला नवल वाटले ते मनोऱ्यांचे. जिकडे पाहावे तिकडे घुमट आणि मनोरे! पण या मनोऱ्यांवरून कधी अजान झाली नाही. पूर्वेकडचा देश म्हणजे जादूची नगरी, ही कल्पना तिथे तिकीट लावून विकली जात होती. १९०४ साली तर दिल्ली दरबाराची मिरवणूकही तिथे हत्तींसह उभी केली होती. हत्तींवरून आठवले, पार्क उघडण्यापूर्वी जानेवारी १९०३ मध्ये टॉप्सी नावाच्या हत्तिणीला तिथे विजेचा झटका देऊन मारण्यात आले होते आणि त्याचे चित्रीकरणही झाले होते. ज्या विजेने लोकांचे डोळे दिपले, तिचे हेही एक रूप.

याच पार्कात आणखी एक तिकीट होते. मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ तिथे अपुऱ्या दिवसांची बाळे काचेच्या उबदार पेट्यांत ठेवून लोकांना दाखवायचा. ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या काळी बहुतेक रुग्णालयांत अशा बाळांसाठी सोयच नव्हती. ती जगणार नाहीत असेच धरले जाई. कूनी आईबापांकडून एक पैसाही घेत नसे. प्रशिक्षित नर्सेस, दूध, पेट्यांची ऊब, हा सगळा खर्च प्रेक्षकांच्या तिकिटांतून निघायचा. कूनीकडे डॉक्टरकीची पदवी असल्याचा पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. तरीही त्याच्या पेट्यांतून हजारो बाळे घरी गेली. १९४३ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, हे चालले. मग शहरातल्या रुग्णालयात अशा बाळांसाठी कक्ष निघाला आणि कूनीने आपले काम थांबवले.

पुढच्याच वर्षी, १२ ऑगस्ट १९४४ रोजी, आगीने लुना पार्कचा मोठा भाग खाल्ला. ते पुन्हा उघडले नाही. आज त्या जागी उंच निवासी इमारती आहेत. आम्ही रस्ता ओलांडून मुद्दाम तिथवर गेलो. मनोऱ्यांची खूणही उरलेली नाही.

आमची ही नातही सातव्या महिन्यातच जन्मली. तेव्हा आम्ही चिपळूणला होतो. रोज फोनवर काचेच्या पेटीतला तो मुठीएवढा जीव पाहायचो आणि रात्र रात्र दुआ मागायचो. मुलाने तिला कूनीची गोष्ट सांगितली, तेव्हा ती जरा वेळ गप्प राहिली. मग विचारले, "मला बघायला पण तिकीट होतं का?"

आम्ही हसलो. पण डोळे भरून आले. मगरिबची वेळ होत आली होती. समुद्राकडे पाठ करून, तिचा हात धरून, आम्ही बसकडे निघालो. मागे एकेक करून दिवे लागत होते.