लहान गाड्यांचे मोठे गाव : शिझुओका

टोकियोहून कोबेकडे जाणारी शिनकान्सेन फुजी पर्वताला उजव्या हाताला ठेवून तासाभरात शिझुओका शहरापाशी येते. कोबेच्या कितानो भागातील, १९८५ साली उभारलेल्या जैन मंदिराच्या दर्शनाला निघालेले भारतीय प्रवासी हे शहर बहुधा खिडकीतूनच पाहतात. सर्वांत वेगवान नोझोमी गाड्या येथे थांबतही नाहीत. हिकारी गाडीने येऊन उतरणाऱ्याला मात्र एक निराळीच दुनिया भेटते. शहरात काही ठिकाणी टपालपेटी आणि दूरध्वनी अशा रीतीने उभे केले आहेत, की जणू त्यांचे सुटे भाग एका चौकटीत अडकलेले असून ते कुणीतरी येऊन जोडायचे बाकी आहे. मोटारी, विमाने, जहाजे यांच्या प्रमाणबद्ध प्लास्टिक प्रतिकृती घडवणारे हे जपानचे प्रमुख केंद्र. तामिया, आओशिमा, फुजिमी ही नावे याच शहराची. हासेगावा शेजारच्या याइझूची. आणि बांदाई कंपनीचा प्रतिकृतींचा कारखानाही येथेच.

हा धंदा याच गावी का रुजला, याचे उत्तर येथील लाकडात सापडते. शोगुन तोकुगावा इएयासू याने उत्तरायुष्यात येथील सुंपू किल्ल्यात वास्तव्य केले. पुढे सेनगेन देवस्थानाच्या बांधकामासाठी सुतार, कोरीवकाम करणारे आणि लाखेचे रंगारी येथे आणले गेले. काम संपल्यावरही त्यांतील अनेक येथेच स्थायिक झाले, असे शहरवासी सांगतात. पिढ्यानपिढ्या फर्निचर, लाखेची भांडी आणि बाहुल्या घडवणाऱ्या या हातांना बारीक कामाची सवय होती. १९२४ साली स्थापन झालेल्या आओशिमाने लाकडी विमाने काढली, तेव्हा कसब नवे शिकावे लागले नाही. केवळ वस्तू बदलली.

जून १९४५ मधील बॉम्बहल्ल्यात शहराचा मोठा भाग जळाला. पुढच्याच वर्षी योशियो तामिया यांनी लाकडाची वखार सुरू केली आणि थोड्याच काळात तिच्या जोडीला लाकडी प्रतिकृतींचा लहानसा विभाग काढला. १९५१ साली वखारीला आग लागून माल भस्मसात झाला. लाकडाच्या व्यापाऱ्याचे सारे भांडवल डोळ्यांसमोर उभे असते आणि डोळ्यांसमोरच जाते. मोठ्या मालाचा व्यापार पुन्हा उभा करणे जड होते; प्रतिकृतींना मात्र लाकूड थोडे लागे आणि हातकाम अधिक. १९५३ साली तामियांनी वखार बंद करून केवळ प्रतिकृतींचा मार्ग धरला.

संकट एकच नव्हते. परदेशातून आलेल्या प्लास्टिकच्या संचांपुढे लाकडी विमाने मागे पडू लागली. वडिलांच्या हाताखाली काम करणारे चिरंजीव शुनसाकू यांच्या काळात, १९६० साली, कंपनीने ‘यामातो’ युद्धनौकेचा पहिला प्लास्टिक संच काढला. साच्यावर मोठा खर्च झाला होता. परंतु स्पर्धकाने तेच जहाज कमी किमतीत बाजारात आणले आणि तामियांचा माल पडून राहिला. अशा वेळी जुन्या साच्यांतून काढलेल्या छोट्या, स्वस्त शर्यतीच्या मोटारींनी हात दिला. त्या खपल्या आणि पुढच्या पावलासाठी पैसा उभा राहिला. १९६१ च्या अखेरीस आलेल्या, मोटारीवर चालणाऱ्या ‘पँथर’ रणगाड्याने कंपनीचे दिवस पालटले. आत विजेऱ्या आणि मोटार मावली पाहिजे या हिशेबाने त्याचे प्रमाण एकास पस्तीस ठरले आणि पुढे तेच जगभर रूढ झाले.

रणगाडा हे संहाराचे यंत्र. अहिंसेचा संस्कार असलेल्या घरातील वडीलधाऱ्यांना तो मुलाच्या हातात पाहून संकोच वाटेल, आणि तो योग्यच आहे. परंतु या कलेचे दालन मोठे आहे; मोटारी, ट्रक, दुचाक्या आणि प्रवासी विमाने यांनीच त्याचा मोठा भाग व्यापला आहे. १९७६ साली पोर्श मोटारीची प्रतिकृती काढताना तामिया कंपनीने खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि बाहेरून न दिसणारी रचना समजावी म्हणून तिचा भाग न् भाग सुटा केला. गिऱ्हाईक जे उघडून पाहणार नाही, तेही चोख असावे, हा आग्रह कोणत्याही पेढीला भूषणावह ठरेल.

असा संच घरी जोडणे म्हणजे सबुरीची परीक्षाच. चौकटीतून भाग कापायचा, कड पॉलिश पेपरने साफ करायची, भाग आधी कोरडाच बसवून पाहायचा. येथे वापरला जाणारा पातळ द्राव प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो. म्हणून तो थोडाच लावावा लागतो. मग अस्तर, आणि त्यावर रंगाचे विरळ थर. एक वाळल्यावर दुसरा. घाई येथे लपत नाही. एकास पस्तीस प्रमाणात दशांश मिलिमीटरचा जाड थर खऱ्या गाडीवरच्या साडेतीन मिलिमीटर लेपासारखा दिसतो आणि त्याखाली खिळे, सांधे, बारीक रेषा सारे बुजून जाते. वस्तू जितकी लहान, तितकी चूक मोठी.

दर वर्षी मे महिन्यात शिझुओकातील प्रदर्शनात कंपन्यांच्या नव्या मालाशेजारी हौशी मंडळांची टेबले मांडली जातात. महिनोन् महिने राबून घडवलेली वीतभर गाडी तेथे विक्रीसाठी नसते. ती पाहायला दुसरा हौशी माणूस वाकतो, सांधा शोधतो, तो सापडत नाही आणि मान डोलावतो. मिळकत तेवढीच.

तामियांच्या चिन्हातील दोन ताऱ्यांपैकी तांबडा उत्कटतेचा आणि निळा काटेकोरपणाचा मानला जातो. शुनसाकू तामिया जुलै २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी निवर्तले. पित्याच्या वखारीतील लाकूड एका आगीत संपले. परंतु माप घेणारी नजर आणि थांबू शकणारा हात आगीच्या हाती लागले नाहीत. सुटीच्या दुपारी घरातील नातू टेबलावर वर्तमानपत्र पसरून पहिला थर वाळण्याची वाट पाहत बसला असेल, तर त्याला लवकर आटप म्हणू नये. पुढे पेढीवर बसताना उपयोगी पडणारे भांडवल तो तेथेच जमवत असतो.